शेजाऱ्याशी बोलायला युरोपचा फेरा कशाला?

१४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरासमोर, खोल समुद्रात, इंटरनेट वाहून नेणाऱ्या चार केबल एकाच दिवशी निकामी झाल्या. वॅक्स, एस, मेनवन आणि सॅट-३. पश्चिम आफ्रिकेच्या जगाशी चालणाऱ्या व्यवहाराचा मोठा भार या चौघींवर होता. लायबेरिया, बेनिन, घाना इथलं इंटरनेट कोलमडलं, नायजेरियात बँकांच्या सेवा अडखळल्या. समुद्रतळ हलल्यामुळे हे घडलं असावं, असा अंदाज मेनवन कंपनीने नंतर दिला. त्याआधी फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या होत्या. पुढे मे महिन्यात ईस्सी आणि सीकॉम या दोन केबल दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तुटल्या आणि टांझानियापासून युगांडापर्यंत सगळं मंदावलं. तीन महिन्यांत खंडाच्या पूर्वेला, पश्चिमेला आणि ईशान्येला एकेक दणका बसला.

अशी केबल दुरुस्त कशी होते ते नीट पाहिलं की पुढचा सगळा प्रश्न समजायला सोपा जातो. किनाऱ्यावरच्या केंद्रातून काचेच्या तंतूत प्रकाशाचे ठोके सोडतात. ते कुठून परत येतात यावरून तुटलेली जागा अंदाजे कळते. मग जहाज तिथे जातं, मैलभर किंवा त्याहूनही लांब दोराला लोखंडी आकडा बांधून तळाशी सोडतं आणि केबल अडकेपर्यंत ओढत राहतं. एक टोक वर आलं की त्याला बोया बांधून तरंगत ठेवायचं, मग दुसरं टोक शोधायचं. दोन्ही हाती आली की डेकखालच्या खोलीत बसून केसासारखे तंतू एकेक करून मधल्या नव्या तुकड्याला सांधायचे, तपासायचे आणि सगळं पुन्हा पाण्यात सोडायचं. समुद्र खवळलेला असेल तर थांबायचं. आबिजानसमोरच्या चारही केबल पूर्ववत व्हायला एप्रिल-मे उजाडला.

सहाराच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यासाठी कायम तैनात असलेलं असं जहाज वर्षानुवर्षं जवळजवळ एकच होतं. केप टाउनला नांगरणारं, १९८३ साली बांधलेलं, फ्रेंच मालकीचं 'लिऑन थेवेनिन'. (इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांना ज्याच्या सिद्धांतावरची गणितं सोडवावी लागतात, त्याच थेवेनिनचं नाव.) ऑगस्ट २०२३ मध्ये काँगो नदीच्या मुखापुढच्या दरीत समुद्राखाली दरड कोसळून वॅक्स आणि सॅट-३ तुटल्या, तेव्हाही धावलं ते हेच जहाज.

बेनिनने कितीही उत्तम राष्ट्रीय डिजिटल धोरण लिहिलं तरी त्याला स्वतःचं केबल-जहाज परवडणार नाही. टोगोला नाही, लायबेरियाला नाही. पण गिनीच्या आखाताभोवतीच्या दहा देशांनी मिळून एक जहाज लागोस किंवा आबिजानला कायम उभं ठेवायचं ठरवलं, त्याला प्रत्येकाच्या सागरी हद्दीत शिरायचा परवाना आधीच देऊन ठेवला आणि कोणाची केबल आधी सांधायची याचा नियम लिहून ठेवला, तर ते सहज शक्य आहे. तुटल्यानंतर अर्ज करायचा आणि परवान्याची वाट पाहत जहाज बंदरात बसायचं, यात किती दिवस जातात हे तांबड्या समुद्रातल्या दुरुस्तीने दाखवलं. येमेनच्या हद्दीत परवाना द्यायचा कोणी, सरकारने की हूती बंडखोरांनी, इथूनच तिथे प्रश्न होता.

आफ्रिकेच्या प्रादेशिक तंत्रज्ञान आणि दूरसंचार धोरणाबद्दल माझं म्हणणं यातच आलं. प्रादेशिक धोरणाने तेवढंच हाती घ्यावं जे एका देशाला एकट्याने जमत नाही, आणि ते मात्र तडीला न्यावं. सीमेपलीकडे जाणारी फायबर, सीमेपलीकडचा फोन, समुद्रातली केबल, परदेशी कंपनीशी घासाघीस, एकमेकांच्या नागरिकांच्या माहितीचं रक्षण. शाळेत संगणक किती द्यायचे, कोणत्या खात्याचं संकेतस्थळ आधी करायचं, हे ज्याच्या त्याच्या राजधानीत ठरू द्यावं. आणि सुरुवात आफ्रिकन युनियनच्या ५५ देशांच्या सभागृहात न करता चार-पाच शेजाऱ्यांच्या नाक्यावर करावी.

कारण सभागृहातल्या दस्तऐवजांची आफ्रिकेला वाण नाही. १९९६ मध्ये अदिस अबाबात संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाच्या छत्राखाली माहिती-समाजासाठीचा पहिला खंडव्यापी कार्यक्रम मंजूर झाला. २०१३ मध्ये किगालीत सात राष्ट्रप्रमुखांनी 'स्मार्ट आफ्रिका'ची घोषणा केली. २०२० मध्ये आफ्रिकन युनियनने दहा वर्षांचं डिजिटल परिवर्तनाचं धोरण आणलं. त्यानंतर माहितीविषयक आराखडा आला आणि २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण. यातलं बरंच लिखाण अभ्यासू आहे, त्यामागे खपलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण मालाबो कराराचं काय झालं ते पाहा. सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा हा करार जून २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मालाबो शहरात स्वीकारला गेला. लागू व्हायला १५ देशांची मान्यता हवी होती. पंधरावी मान्यता मॉरिटानियाची आली आणि करार ८ जून २०२३ रोजी लागू झाला. नऊ वर्षं! एवढ्या काळात स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोचला, मोबाइलवरचा पैसा रोजच्या व्यवहाराचा भाग झाला, आणि त्या पंधरांमध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त यांपैकी एकही नव्हता. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त माहिती गोळा होते तेच बाहेर.

आता याच्या शेजारी पूर्व आफ्रिकेतली एक गोष्ट ठेवून बघा.

साम्राज्यांच्या काळात टेलिफोनच्या तारा लंडन, पॅरिस आणि लिस्बनकडे ओढल्या गेल्या, एकमेकांकडे नाही. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं एका आफ्रिकी देशातून शेजारच्या देशात केलेला फोन युरोपातून फिरून येत असे आणि त्या फेऱ्याचं भाडं युरोपातल्या कंपनीला मिळत असे. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत, एकीवरून दुसरी डोळ्यांनी दिसते. त्यांच्यातलं बोलणंसुद्धा उपग्रहावरून परदेशात जाऊन परत येई. सुदानी वंशाचे मो इब्राहिम यांच्या सेलटेल कंपनीने नदीवरून थेट मायक्रोवेव्ह दुवा टाकला तेव्हा तो फेरा चुकला. याच सेलटेलने २००६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या आपल्या ग्राहकांसाठी रोमिंगचा भुर्दंड काढून टाकला. पण ती एका कंपनीची सोय होती. दुसऱ्या कंपनीचा ग्राहक सीमा ओलांडली की पूर्वीसारखाच नागवला जाई. मोम्बासा बंदरातून कंपाला, किगाली, जुबापर्यंत माल नेणारे ट्रकचालक खिशात दोन-तीन देशांची सिमकार्डं बाळगत.

ऑक्टोबर २०१४ पासून केनिया, रवांडा, युगांडा आणि दक्षिण सुदान यांनी टप्प्याटप्प्याने 'एक नेटवर्क क्षेत्र' अमलात आणलं. शेजारी देशात असताना आलेला फोन उचलायला पैसे नाहीत. केलेल्या फोनला मिनिटाला साधारण १० अमेरिकी सेंटची कमाल मर्यादा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरी मेख कंपन्यांच्या दरांत नव्हतीच. या भागातल्या काही सरकारांनी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय कॉलवर अधिभार बसवला होता. तिजोरीला तो सोयीचा होता, परकी चलन आणणारा होता. शेजाऱ्याचा कॉल 'आंतरराष्ट्रीय' मानायचा नाही असं ठरवलं की त्यावर पाणी सोडावं लागणार. अर्थमंत्र्यांना ते पटवणं हे खरं प्रादेशिक धोरण. नियामकांनी दर ठरवले, सरकारांनी अधिभार सोडला, आणि बोलण्याची मिनिटं कित्येक पटींनी वाढली. टांझानिया आणि बुरुंडी तेव्हा बाहेर राहिले, तरी बाकीचे त्यांच्यासाठी थांबले नाहीत. जे तयार आहेत त्यांनी निघावं आणि दार उघडं ठेवावं, ही रीत मला एकमताच्या परिषदांपेक्षा कितीतरी आशादायक वाटते.

इंटरनेटच्या बाबतीत युरोपचा फेरा आणखी चिवट निघाला. २००० साली नैरोबीतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल पाठवला तर तो ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाला धडकून परदेशात उतरायचा आणि तसाच परत यायचा. दोन्ही कंपन्या त्या प्रवासाचे डॉलरमध्ये पैसे मोजायच्या. त्यावर उपाय साधा होता. शहरातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्यांनी एका खोलीत आपापली तार आणून एका स्विचला, म्हणजे रहदारी वाटून देणाऱ्या यंत्राला, जोडायची, म्हणजे गावातली रहदारी गावातच फिरेल. नोव्हेंबर २००० मध्ये केनियाच्या सेवादारांनी असं विनिमय केंद्र सुरू केलं. ते सुरू होताच स्थानिक संदेशांना लागणारा वेळ १,२०० ते २,००० मिलिसेकंदांवरून ६० ते ८० वर आला. आणि पंधरवडाभरात नियामकाने ते बंद करायला लावलं. सरकारी मक्तेदार टेलिफोन कंपनीने तक्रार केली होती की आंतरराष्ट्रीय रहदारी वाहण्याच्या आपल्या एकाधिकाराचा हा भंग आहे. नैरोबीतून नैरोबीत जाणारं पत्र हे त्यांच्या लेखी आंतरराष्ट्रीय! वर्षभर वाद झाला, अखेर परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र पुन्हा चालू झालं.

त्या हट्टाचं फळ किती मोठं होतं ते इंटरनेट सोसायटीच्या २०२० च्या अहवालात दिसतं. २०१२ मध्ये केनिया आणि नायजेरिया या दोन्ही देशांत जेमतेम ३० टक्के रहदारी देशातल्या देशात मिळत असे. २०२० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. त्यातून वाचणारा पैसा केनियात वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर, नायजेरियात सुमारे चार कोटी. प्रेक्षकांनी मागितलेली चित्रफीत परदेशातून न येता लागोस किंवा नैरोबीतल्या साठ्यातून येऊ लागली, म्हणून हे झालं. खर्च काय, तर काही स्विच, चांगली वीज आणि स्पर्धकांनी एकमेकांवर ठेवलेला विश्वास.

मग हेच दोन देशांमध्ये का होत नाही? आफ्रिकन युनियनने 'अ‍ॅक्सिस' नावाच्या प्रकल्पातून अनेक देशांत अशी केंद्रं उभी करायला मदत केली, त्यातली काही केंद्रं पुढे प्रादेशिक व्हावीत असाही बेत होता. देशातली केंद्रं झाली. शेजाऱ्यांना जोडणारी केंद्रं मात्र मागे पडली, कारण मधे सीमा आहे. सीमेवर काय होतं? फायबर टाकणाऱ्याचा परवाना सीमेच्या खांबापर्यंत. पलीकडे दुसऱ्या देशाचा परवाना, दुसरी फी, रस्त्याकडेने खणायची दुसरी परवानगी, यंत्रांवर जकात. दोन कंपन्या दोन्ही बाजूंनी खणत येतात आणि मधल्या पट्ट्यात कोणाची तार कोणी जोडायची यावर अडतात. आफ्रिकेत १६ देशांना समुद्रकिनारा नाही. चाडची फायबर मुख्यतः कॅमेरूनमधून समुद्राला मिळते. कॅमेरूनमध्ये कुणाच्या कुदळीने तार तुटली की चाडमधला दवाखाना, बँक, विद्यापीठ सगळं बसून राहतं. चाडच्या राजधानीत लिहिलेल्या कुठल्याही धोरणाला यावर इलाज नाही. तो इलाज शेजाऱ्यासोबतच लिहावा लागतो. त्यात प्रत्येक भूवेष्टित देशाला किमान दोन वेगळ्या दिशांनी समुद्र गाठता आला पाहिजे, जाणाऱ्या तारेवर शेजाऱ्याने नफेखोरी करता कामा नये, आणि दुरुस्तीची मुदत बांधलेली हवी.

'मालकी कोणाची' हा प्रश्न इथे टाळता येत नाही. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर सॅट-३ आली तेव्हा लोकांना वाटलं आता स्वस्ताई येईल. आली नाही. केबल भागीदार कंपन्यांच्या क्लबची होती आणि प्रत्येक देशात ती विकायचा हक्क बहुधा एकाच मक्तेदार कंपनीकडे. उपग्रहाच्या दराच्या जरा खाली भाव ठेवला की झालं. पूर्व किनाऱ्यावर ईस्सीची बोलणी २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा हा अनुभव समोर होता. क्लब हवा की खुला प्रवेश, यावर सरकारं आणि कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. वैतागून केनियाने स्वतःची 'टीम्स' केबल मोम्बासाहून थेट संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला नेली. खासगी भांडवलाची सीकॉम जुलै २००९ मध्ये सगळ्यांच्या आधी सुरू झाली. तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. ईस्सी २०१० मध्ये आली, पण येताना एक चांगली अट घेऊन आली. जागतिक बँकेचा गट, आफ्रिकन विकास बँक आणि युरोपातल्या विकास बँकांनी ईस्सीत मोठी भागीदारी असलेल्या वायॉक नावाच्या कंपनीला कर्ज दिलं. लहानमोठ्या आफ्रिकी दूरसंचार कंपन्या तिच्या मालक. परवानाधारक कोणीही येवो, भेदभाव न करता, त्याच दराने क्षमता विकायची, हे त्या कर्जाच्या करारातच होतं. तीन केबल एकमेकींशी स्पर्धेत आल्या आणि त्यातली एक खुली, म्हणून पूर्व आफ्रिकेत भाव पडले.

मला या गोष्टीतून धोरणकर्त्यांना सांगावंसं वाटतं की, तार कोणी टाकली यापेक्षा ती कोणत्या अटींवर विकली जाते हे महत्त्वाचं. आदर्श म्हणून ज्याचं नाव नेहमी पुढे येतं त्या रवांडानेही इथे चूक केली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या केटी कंपनीबरोबर करार करून देशभराच्या फोर-जीचा घाऊक हक्क एकाच संयुक्त कंपनीला दिला. मनोरे उभे राहिले, जवळपास सगळा देश सिग्नलखाली आला, पण लोक त्या सिग्नलवर फारसे आले नाहीत, कारण डेटा महाग राहिला. २०२२-२३ मध्ये सरकारने तो एकाधिकार मोडला आणि इतर कंपन्यांना वाट दिली. खुल्या प्रवेशाचं नाव देऊन उभी केलेली मक्तेदारी ही मक्तेदारीच असते. हा अनुभव शेजाऱ्यांच्या नियामकांनी एकत्र बसून वाचला असता तर दुसऱ्या कोणाला तो पुन्हा घ्यावा लागला नसता.

यावर हल्ली एक उत्तर मिळतं की आता या सगळ्याची गरजच काय. फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि तिच्या भागीदारांची 'टू-आफ्रिका' केबल ४५,००० किलोमीटरची, आख्ख्या खंडाला वळसा घालणारी. गूगलची इक्वियानो २०२२ मध्ये टोगो, नायजेरिया, नामिबिया करत दक्षिण आफ्रिकेला पोचली. उपग्रहांवरून इंटरनेट देणारी स्टारलिंक जानेवारी २०२३ मध्ये नायजेरियात सुरू झाली आणि त्यानंतर एकामागून एक देशांत. बाजार करतोय ते करू द्या, असं म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. या केबलांनी क्षमता वाढली हे खरंच आहे, आणि केनियातल्या तुर्कानाच्या वाळवंटातल्या शाळेला उद्या आभाळातून जोडणी मिळत असेल तर ती नाकारायचा हक्क मला नाही. पण केबल किनाऱ्यावर येऊन थांबते, आणि उपग्रहाचा परवाना प्रत्येक देश एकटा देतो. वीस लाख वस्तीचा देश जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांसमोर एकटा बसला की अटी कोण घालतो हे सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेने वंचित समूहांना ३० टक्के मालकी देण्याची आपली अट पुढे केली आणि त्यावर वाद पेटला. अट योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, पण तिथे निदान वाटाघाट झाली. लेसोथो किंवा मलावीला एवढी ताकद एकट्याने येत नाही. गटाने परवाना द्यायचा, गटाने अटी घालायच्या, स्थानिक रहदारी स्थानिक विनिमय केंद्रातच उतरली पाहिजे ही त्यातली पहिली अट.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये आफ्रिकेतले ३८ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, जगाचं प्रमाण ६८ टक्के. ही दरी बाजाराच्या भरवशावर भरून निघायची तर ती मोठ्या शहरांच्या बाजूनेच भरेल.

एका गोष्टीवर प्रादेशिक दस्तऐवज फार सावधपणे बोलतात, ती म्हणजे सरकारांनीच इंटरनेट बंद करणं. कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक प्रांतांत जानेवारी २०१७ पासून ९३ दिवस इंटरनेट बंद होतं. तिथले नवउद्योजक जोडणी मिळवायला रोज दुसऱ्या प्रांतात प्रवास करत. युगांडाने २०१८ मध्ये समाजमाध्यमं वापरायला दिवसाला २०० शिलिंगचा कर लावला, आणि जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत इंटरनेटच बंद केलं. कोट्यवधी डॉलरची केबल एका लेखी आदेशाने निरुपयोगी होत असेल तर तिच्यावर धंदा कोण उभा करील? आणि इथे प्रादेशिक पातळीचा खरा उपयोग दिसला. पश्चिम आफ्रिकी देशांच्या समूहाचं न्यायालय, इकोवास न्यायालय, यांनी जून २०२० मध्ये निकाल दिला की टोगोने २०१७ मध्ये निदर्शनांच्या वेळी केलेली इंटरनेटबंदी बेकायदा होती. २०२२ मध्ये याच न्यायालयाने नायजेरियाची ट्विटरबंदीही बेकायदा ठरवली. ज्या नागरिकाला आपल्या राजधानीत दाद मिळत नाही त्याला शेजाऱ्यांच्या न्यायालयात मिळाली. मालीने, बुर्किना फासोने आणि नायजरने जानेवारी २०२५ मध्ये इकोवास सोडलं तेव्हा बातम्या लष्कर आणि व्यापाराबद्दल आल्या. तिथल्या लोकांनी ही दादसुद्धा गमावली, याची फारशी चर्चा झाली नाही. म्हणून माझ्या मते इंटरनेटबंदीविरुद्धचं कलम नसलेलं प्रादेशिक धोरण सहीला आणूच नये.

प्रादेशिक संस्था काढल्या की काम झालं असंही नाही. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना लागणारे अंकी पत्ते आफ्रिकेत वाटणारी संस्था, अ‍ॅफ्रिनिक, मॉरिशसमध्ये आहे. जगातल्या अशा पाच संस्थांपैकी ती एक. परदेशात पत्ते वापरायला दिल्याच्या वादातून तिचा एका सभासद कंपनीशी झगडा झाला, २०२१ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयात तिची बँक खाती गोठवली गेली, पुढे संचालक मंडळच उरलं नाही आणि २०२३ मध्ये न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. २०२५ मध्ये एक निवडणूक रद्द होऊन दुसरी झाली तेव्हा कुठे मंडळ उभं राहिलं. एवढी मोलाची ठेव सांभाळणाऱ्या संस्थेला सरकारांनी कायद्याचं कवच दिलं नव्हतं, सभासदांनी नियम वेळेत बळकट केले नव्हते. अदिस अबाबातल्या आफ्रिकन युनियनच्या मुख्यालयाबद्दलही असंच वाटतं. चीनने २०१२ मध्ये ती इमारत भेट म्हणून बांधून दिली. २०१८ मध्ये 'ल माँद' या फ्रेंच दैनिकाने बातमी दिली की तिथल्या संगणकांतली माहिती रात्री शांघायला जात होती. चीनने ती साफ नाकारली. खरंखोटं काहीही असो, खंडाच्या राजकीय मुख्यालयाची संगणकव्यवस्था दुसऱ्याने बसवून द्यावी इतकी वेळ येता कामा नये. प्रादेशिक संस्थेचा खर्च सभासद देशांनी स्वतः उचलला पाहिजे, थोडा का होईना. देणगीदाराच्या पैशावर चालणारं सचिवालय देणगीदाराचे प्राधान्यक्रम घेऊन चालतं.

आता भाषेकडे येतो, कारण सगळ्यात कमी लक्ष तिथे आहे. भाषा सीमा मानत नाहीत. हौसा नायजेरियात आणि नायजरमध्ये बोलतात, सोमाली चार देशांत, स्वाहिली तर पूर्व आणि मध्य आफ्रिकेची जोडभाषा. २०२२ मध्ये आफ्रिकन युनियनने तिला कामकाजाची भाषा केलं. बोललेलं ओळखणारी, भाषांतर करणारी यंत्रणा एका देशाने हौसासाठी बनवली की शेजाऱ्यालाही उपयोगी पडते. तरी आज हे काम पुढे नेत आहेत ते मसाखानेसारखे संशोधकांचे स्वयंसेवी गट, किंवा रवांडातली माणसं, ज्यांनी आपला आवाज देऊन फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या मुक्त संग्रहात किन्यारवांडा या आपल्या भाषेचे हजारो तास जमा केले. ज्या भाषेचं लिखाण जाळ्यावर कमी आहे तिच्या वाट्याला यंत्रांकडून काय येतं ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेतकऱ्याला हवामानाचा इशारा त्याच्या भाषेत ऐकू येणं, बाळंतिणीला दवाखान्याची तारीख कळणं, यासाठी मनोऱ्यांइतकाच पैसा या संग्रहांवर प्रादेशिक निधीतून खर्च व्हावा, असं मी ठामपणे म्हणतो.

भारताचा यात संबंध जुना आहे. २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्गला आफ्रिकी संसदेसमोर एक प्रस्ताव मांडला. भारतीय विद्यापीठं आणि रुग्णालयं उपग्रहाने आफ्रिकेशी जोडायची. २००९ मध्ये ते जाळं सुरू झालं, पुढे ४८ देश त्यात आले. हेतू उमदा होता. रचना मात्र मुख्यतः भारतातून तिकडे ज्ञान पोचवण्याची होती. युगांडाच्या विद्यार्थ्याला भारतातलं व्याख्यान मिळे, शेजारच्या केनियातलं नाही. २०१० मध्ये भारती एअरटेलने झेन कंपनीचा १५ आफ्रिकी देशांतला व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरला घेतला, तोच मूळचा सेलटेलचा. तेव्हापासून तिकडच्या दूरसंचार बाजारात भारतीय कंपनी मोठी खेळाडू आहे आणि भारतीय अभियंते तिकडे कामाला आहेत. म्हणजे आफ्रिकी नियामकांनी एकत्र येऊन दर आणि अटी ठरवल्या तर त्याची झळ एका भारतीय कंपनीलाही बसेल. बसावी.

भारताने तिकडे नेलेल्या गोष्टींत मला सगळ्यात उपयुक्त वाटतं ते बंगळुरूच्या आयआयआयटीत तयार झालेलं मोसिप, ओळखपत्राच्या व्यवस्थेसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. मोरोक्को, इथिओपिया, टोगो यांनी ते स्वतंत्रपणे घेतलं. मुक्त असल्यामुळे कोणताही देश ते आपल्या अभियंत्यांकडून बदलून घेऊ शकतो, एका विक्रेत्याला बांधला जात नाही. २०१४ पासून केनिया, युगांडा आणि रवांडाचे नागरिक आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रावर एकमेकांच्या देशांत जाऊ शकतात. हेच ओळखपत्र पलीकडच्या बँकेत, दवाखान्यात, सिमकार्डाच्या दुकानात तपासता यावं आणि तपासताना माणसाची माहिती त्याच्या देशाबाहेर साठवली जाऊ नये, असा नियम आणि तशी यंत्रणा या तिघांना मिळून करता येईल. पूर्व आफ्रिकी समुदायाचं मुख्यालय आरुषाला आहे. तिथे तिन्ही देशांच्या अभियंत्यांचा आणि वकिलांचा एक कायम गट बसवावा, त्याचा पगार तिन्ही तिजोऱ्यांनी द्यावा, आणि भारताला मदत करायचीच असेल तर आपले जाणकार त्या गटाच्या हाताखाली दोन वर्षांसाठी पाठवावेत.